उदयभानाची सावली

एका राज्यात राजाला सावली नसे.

राज्याभिषेकाच्या दिवशी, मुकुट डोक्यावर चढण्याआधी, एक शेतकरीण नवा विळा घेऊन पुढे येई आणि राजाच्या टाचेपाशी त्याची सावली कापून घेई. दुखत काही नसे. मग ती सावली नगराच्या मधोमध असलेल्या न्यायशिळेला अंबाडीच्या दोराने बांधत, आणि राजा राज्य करी तोवर ती तिथेच राही. ज्याला राजाचं काही खटकलं त्याने यावं आणि दोर ओढावा. राजा शिकारीला असो, पंगतीत असो, त्याचे पाय शिळेकडे वळत. दुसऱ्या दिशेला पाऊल उचलतच नसे. तो येई, प्रश्न ऐकून घेई, उत्तर देई, आणि उत्तर पटलं तरच त्याची सुटका होई. राजा मेला की शिळेसमोर त्याचा निवाडा होई, दोर सोडला जाई आणि सावली चितेच्या धुराबरोबर निघून जाई. असे कित्येक राजे झाले. काही बरे होते, काही वाईट होते. पण दोर ओढला की सगळे येत.

मग काळकेश आला.

काळकेश मांत्रिक होता. तो लोहदरीतून चालत आला आणि सिंहासनावर बसला. त्याला सावली नव्हतीच, त्यामुळे विळ्याला काम उरलं नाही. त्याने राज्यातल्या प्रत्येक माणसाच्या जिभेत एक बारीक कडी अडकवली, सगळ्या कड्या एका साखळीत ओवल्या आणि साखळीचं टोक लोहदरीच्या गडावर खुंटीला बांधलं. त्याने साखळी ताणली की राज्य गप्प होई. माणसं नांगरत, लग्नं लावत, मेलेल्यांना पोचवत, पण बोलत नसत. आया बाळांना नुसत्या थोपटत, कारण अंगाई गाता येत नसे.

शेवटी उदयभान नावाचा नावाड्याचा मुलगा गडावर गेला आणि त्याने ती साखळी तोडली.

त्या दिवशी लोक दिवसभर बोलले. बोलायला काही सुचेना तेव्हा भाज्यांची नावं घेतली, गाईंना हाका मारल्या, नवराबायकांनी साठलेली भांडणं काढली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे घसे बसले आणि कोणालाही त्याचं वाईट वाटलं नाही.

काळकेश पळाला तो परतला नाही. लोकांनी उदयभानाला सिंहासनावर बसवलं. तो म्हणाला, मांत्रिकाचे हस्तक अजून डोंगरात आहेत. संकट टळेपर्यंत बसतो, मग माझी नाव आणि माझी नदी. विळा आला, सावली कापली, शिळेला बांधली. पण त्याच संध्याकाळी राज्यातल्या पाच ज्येष्ठांनी ती सोडली. ज्याने आपल्या जिभा सोडवल्या त्याची सावली आपण बांधून ठेवायची, हे त्यांना शोभेना. डोळ्यांत पाणी आणून ते ती राजवाड्यात घेऊन गेले आणि उदयभानाच्या टाचेला बाभळीच्या डिंकाने परत चिकटवली. लोकांनी फुलं उधळली. फार गोड दिवस होता तो, असं ज्येष्ठ अजूनही सांगतात.

संकट टळलं नाही. हस्तक संपले, तर दुष्काळ आला. दुष्काळ सरला, तर शेजारच्या राजाने डोळे वटारले. तो मेला, तर शत्रू घरातच असावा असं उदयभानाला वाटू लागलं. त्याने एक मंत्राचा दंड घडवला. जो प्रश्न विचारी त्याच्या खांद्याला तो दंड लागे आणि माणसाचा पक्षी होई. ज्येष्ठ त्या वेळी दुसरीकडे बघत. होता होता उदयभान म्हातारा झाला आणि एक दिवस झोपेत मेला.

चंदनाची चिता जळाली. सावली गेली नाही. ती राजवाड्यातल्या सभागृहाच्या फरशीवर पडून राहिली. कारण निवाडाच झाला नव्हता. ज्येष्ठांनी तिच्यावर एक जाड गालिचा अंथरला, त्यावर गाद्या घातल्या, आणि तिथे बसून ते राज्यकारभार बघू लागले. शिळा आता बोलत नाही, असं त्यांनी लोकांना सांगितलं. सावली मात्र गालिच्याच्या कडांखालून वाढत चालली. ती दारातून बाहेर आली, रस्त्यावर पसरली, शेतांवर गेली. जिथे ती पडे तिथे कणसात दाणा भरेना, वाळत घातलेले कपडे ओलेच राहत, ताकावर लोणी येईना. आणि पक्षी पक्षीच राहिले, कारण मंत्र घालणाऱ्याची सावली गेल्याशिवाय मंत्र सुटत नाही.

त्या नगरात शलाका नावाची मुलगी होती. तिच्या खांद्यावर एक साळुंकी बसे. ती तिची आई.

आईचं नाव कुमुदिनी. ती मागावर लुगडी विणत असे. एकदा भर दरबारात ती उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, "महाराज, संकट टळलं का?" तिला साळुंकी व्हायला तेवढं पुरलं.

पक्ष्याच्या चोचीत माणसाचे शब्द फार टिकत नाहीत. सुरुवातीला कुमुदिनी सगळं बोले. धागा कुठे तुटलाय, भाकरी करपतेय, शेजारणीचं काय चुकलं. मग शब्द गळू लागले. मिठाला काय म्हणतात ते गेलं. रंगांची नावं गेली. एके दिवशी नवऱ्याचं नाव गेलं, आणि त्या दिवशी साळुंकी वळचणीला तोंड फिरवून बसून राहिली. आता तिला दोनच गोष्टी येत होत्या, तिचा तो प्रश्न आणि लेकीचं नाव. एखाद्या सकाळी ते नावही अडखळे. ते गेलं की आई गेली, हे शलाकाला कळत होतं. मग खांद्यावर उरणार होती ती नुसती साळुंकी.

शलाका सभागृहात गेली. पाच ज्येष्ठांमधले सगळ्यांत थोर गंभीरदेव हे कुमुदिनीचे सख्खे काका होते. त्यांनी नातीला जवळ बसवलं, खांद्यावरच्या साळुंकीकडे बघायचं टाळलं, आणि सांगितलं की वेळ अजून आलेली नाही. जखमा ताज्या आहेत. मोठ्या माणसाचा निवाडा काळच करतो.

"काळ कुठे राहतो?" शलाकाने विचारलं. "मी त्याला घेऊन येते."

दुसरे एक ज्येष्ठ म्हणाले की हल्लीच्या मुलींना बोलायचं वळण नाही. शलाका उठली आणि तडक न्यायशिळेपाशी गेली.

"शिळे, तू बोलत नाहीस असं म्हणतात."

"मला कोणी विचारलं नाही," शिळा म्हणाली.

"मी विचारते. उदयभान जुलमी होता, एवढं म्हण आणि माझ्या आईला सोडव."

"मी म्हणत नसते. मी ऐकते. म्हणायचं तू. पण आधी तीन वस्तू आण. एक त्याने तोडलेली, एक त्याने घडवलेली, एक त्याला दिलेली. त्या इथे ठेव आणि मग शब्द उच्चार. शब्द खरा असेल तर सावली जाईल. खोटा असेल तर तुझ्याही तोंडाची चोच होईल."

"शब्द मला आताच माहीत आहे."

"मग वेळ लागणार नाही," शिळा म्हणाली.

शलाका आधी लोहदरीला गेली. वाट चढणीची होती आणि साळुंकी तिच्या खांद्यावर होती. गड पडका होता. भट्टी विझलेली होती, आणि भट्टीच्या तोंडाशी एक म्हातारी नागीण वेटोळं घालून बसली होती. तिच्या अंगावर शेवाळ चढलं होतं.

शलाकाने तोडलेली साखळी मागितली. नागिणीने एक डोळा उघडला. तिने सांगितलं की साखळीची एक कडी तिच्यापाशी आहे आणि ती देईल. पण आधी तिची गोष्ट ऐकावी लागेल. जो मधे बोलेल त्याला ती गिळते. आतापर्यंत बरेच गिळले. तरुण माणसं विशेष.

नागीण सांगू लागली. ती अशी सांगत होती की एक वाक्य सुरू होई आणि संपण्याआधी तिला झोप लागे. मग ती जागी होऊन पुन्हा पहिल्यापासून सांगे. शलाकाने ओठ मिटून धरले, पायाची बोटं आवळली, आकाशाकडे बघितलं. हा खरोखरच तिच्यासारखीचा अंत बघणारा प्रकार होता. पण ती गप्प राहिली, आणि गोष्ट पुढे सरकली.

साखळी कशानेच तुटत नव्हती, नागीण म्हणाली. कडी जिवंत तळहातावर धरून, तो हात भट्टीत घालून, वरून घण घातला तरच ती तुटणार होती. उदयभानाने डावा हात आत घातला. पहिल्या घणाला त्याला भोवळ आली. त्याने हात बाहेर काढला आणि तो निघाला. हो, निघाला. दारापर्यंत गेला. दारातून खाली गाव दिसतं. तिथे एक मूल विहिरीच्या काठाशी रांगत चाललं होतं आणि त्याची आई लांब उभी होती. ती धावत होती, तोंड उघडत होती, पण तिच्या तोंडून हाक निघत नव्हती. बाकीच्यांची तिकडे पाठ होती. उदयभान ते बघत उभा राहिला. मग तो परत आला आणि त्याने हात पुन्हा भट्टीत घातला. साखळी तुटेपर्यंत काढला नाही.

मूल वाचलं का, हे शलाकाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने दात ओठांत रुतवले. नागिणीने तिच्याकडे निरखून बघितलं, जांभई दिली आणि गोष्ट संपल्याचं सांगितलं.

"मूल वाचलं का?" शलाकाने विचारलं.

"नाही," नागीण म्हणाली. "म्हणून तर तो परत आला."

तिने वेटोळ्यातून एक तुटलेली कडी काढून दिली. कडीच्या लोखंडात तळहाताच्या रेषा उमटलेल्या होत्या.

शलाका दरी उतरली. तिला राग आला होता, पण कोणाचा ते तिला सांगता आलं नसतं. उदयभान भेकड असता तर तिचं काम सोपं झालं असतं. साळुंकीने तिच्या कानाशी चोच नेली आणि "शला" एवढंच म्हटलं. पुढचं अक्षर आलं नाही.

शलाका धावत सुटली.

राजवाड्यामागे पक्षीबाग होती. उदयभानाने घडवलेला दंड तिथे जमिनीत रोवला होता, आणि तो रुजून त्याचं एक निष्पर्ण झाड झालं होतं. त्याच्या फांद्यांवर राज्यातले बाकीचे सगळे शापित पक्षी बसले होते. होले, कोतवाल, हुदहुद, पारवे. कोणी शिंपी होता, कोणी वैद्य होता, कोणी नुसता बाजारात मोठ्याने हसला होता. सगळ्यांत वरच्या फांदीवर एक पोपट होता. तो पूर्वी राजकवी होता, आणि त्याच्यापाशी अजून पुष्कळ शब्द शिल्लक होते, कारण तो तेच तेच वापरी.

शलाकाला बघताच त्याने जयजयकार सुरू केला.

"कविराज," ती म्हणाली, "तुम्ही तर त्यांची स्तुती करत होतात. तुमचा पोपट कशाला केला?"

"एकदा स्तुती म्हणताना मधे श्वास घ्यायला थांबलो. महाराजांच्या लक्षात आलं."

"आणि तरी जयजयकार?"

"आता श्वास सांभाळून करतो."

दंडाची चौकशी केली तेव्हा पोपटाने सगळं सांगितलं. दंडाच्या टोकाला जे लोखंड होतं ते काळकेशाच्या साखळीचंच होतं. चांगलं लोखंड वाया कशाला घालवायचं, असं महाराज म्हणाले. सगळे पक्षी एकाच वेळी झाडावरून उठले तर झाडाचा पुन्हा दंड होईल आणि तो उपटता येईल. पण कोणी उठणार नाही.

"का?"

"आम्ही उठलो आणि महाराज आले तर?"

"महाराज मेले."

"मागेही एकदा असंच कळवलं होतं," पोपट म्हणाला. "कोणाला आनंद होतो ते बघायला."

शलाकाने पक्ष्यांना विनवलं, मग ती त्यांच्यावर रागावली, मग तिने झाड गदागदा हलवलं. पक्ष्यांनी फांद्या आणखी घट्ट धरल्या. एका होल्याने तिच्या डोक्यावर घाण केली. ती झाडाखाली बसली आणि आता काय करावं ते तिला सुचेना.

तेव्हा साळुंकी तिच्या खांद्यावरून उडाली. ती झाडाच्या मधल्या फांदीवर जाऊन बसली, तिने मान ताठ केली आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "महाराज, संकट टळलं का?"

बाग शांत झाली. त्या झाडावरच्या प्रत्येकाने कधी ना कधी हेच विचारलं होतं. कोणी मोठ्याने, कोणी बायकोजवळ, कोणी नुसतं भुवई उंचावून. हुदहुदाने पंख उघडले. मग पारवे उठले, होले उठले, कोतवाल उठले, आणि शेवटी पोपटही उठला, जयजयकार अर्धाच टाकून. क्षणभर झाडावर कोणीच नव्हतं. झाड आकसलं, बारीक झालं, आणि शलाकाने दंड उपटून घेतला.

साळुंकी खाली आली ती चोच मिटून. प्रश्नाला तिची होती तेवढी ताकद लागली होती, आणि तोही आता गेला. शलाकाने तिला ओंजळीत घेतलं. "आई, माझं नाव घे." साळुंकीने खूप प्रयत्न केला. "श," ती म्हणाली.

आता तिसरी वस्तू. उदयभानाला दिलेली एकच गोष्ट होती, आणि तिच्यावर पाच म्हातारे बसले होते.

शलाका सभागृहात शिरली. एका हातात कडी, एका हातात दंड, खांद्यावर साळुंकी. तिने गालिच्याखालची सावली मागितली, आणि ज्येष्ठांना उठायला सांगितलं.

त्यांनी नकार दिला नाही. नकार देण्याची त्यांची पद्धतच नव्हती. त्यांनी बोलायला सुरुवात केली. एकाने काळकेशाच्या काळात कसं होतं ते सांगितलं. दुसऱ्याने तेच पुन्हा सांगितलं. तिसऱ्याने विचारलं की दुष्काळात कोठारं कोणी उघडली. चौथ्याने सांगितलं की शेजारच्या राजाला अशा गोष्टींचा आनंद होतो. महिन्यापूर्वीची शलाका असती तर तिने पहिल्या वाक्यालाच तोडलं असतं. पण नागिणीपुढे बसून आलेल्या माणसाला हे काहीच नव्हतं. ती ऐकत राहिली. एक एक ज्येष्ठ बोलून संपला, आणि मग ते गोंधळले, कारण इतकं संपूर्ण त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं.

"आजोबा," शलाका गंभीरदेवांना म्हणाली, "बसायला गार लागतं का?"

"फार गार लागतं," ते म्हणाले. "हाडांपर्यंत जातं."

"मग उठा."

"पोरी, तू तेव्हा जन्मली नव्हतीस. तो हात भट्टीत घालून आला तेव्हा त्या हाताला मलम मी लावलं आहे. आमच्या आयुष्यात चांगलं असं तेवढंच घडलं. त्याला जुलमी म्हटलं तर आम्ही कोण?"

"ते शिळेला विचारा. मला फक्त जागा करून द्या."

साळुंकीने गंभीरदेवांकडे बघितलं. ते पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होते. तिने चोच उघडली. काहीच आलं नाही, "श"सुद्धा नाही. नुसती साळुंकीसारखी ती किलबिलली.

गंभीरदेवांनी हात पुढे केला. शलाकाने दंड काखेत धरला आणि त्यांना उठायला आधार दिला. त्यांचे गुडघे वाजले. मग बाकीचे उठले; एक जण पानाचा डबा घ्यायला परत वळला, तेवढंच. गालिचा निघाला.

सावली ओल्या घोंगडीसारखी जड होती. शलाकाने ती खांद्यावर घेतली आणि ओढत निघाली. राज्यभर पसरलेला तिचा लांबच लांब पदर तिच्यामागून सरकत आला. शेतांवरून तो निघाला, छपरांवरून निघाला, आणि जिथून निघाला तिथे ऊन पडलं. लोक घरांतून बाहेर आले. डोळ्यांवर हात धरून ते शलाकाच्या मागे चालू लागले.

भर दुपारी तिने न्यायशिळेसमोर कडी ठेवली, दंड ठेवला, सावली अंथरली.

गर्दीतून कोणी ओरडलं की राक्षस म्हण. पलीकडून कोणी ओरडलं की मुक्तिदाता म्हण. दोन्हीकडचे एकमेकांच्या अंगावर जाणार, तोच सावली बोलली. सावलीला तोंड नसतं. तिचं बोलणं पायांखालच्या जमिनीतून ऐकू आलं.

"मला इथे बांधलं त्या दुपारी तो आडवा झाला आणि म्हणाला, आज झोप लागेल. आता मी चुकलो तर कोणीतरी ओढील. संध्याकाळी हे पाच जण मला परत घेऊन आले. तो म्हणाला, नको, बांधा. पुन्हा म्हणाला, घट्ट बांधा. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा हे रडले आणि त्याच्या पाया पडले. चौथ्यांदा तो तसं म्हणाला नाही. चौथ्यांदा त्याला ते आवडलं."

ज्येष्ठांनी माना खाली घातल्या.

"पुढे कित्येक वर्षं मी वाट बघितली," सावली म्हणाली. "कोणी ओढलं नाही. मुली, जे म्हणायचं ते म्हण. पण म्हण."

"शब्द," शिळा म्हणाली.

शलाकाने कडी उचलली. तिच्यावरच्या रेषांवरून तिने अंगठा फिरवला.

"हे त्याने तोडलं," ती म्हणाली. "मी आज काहीही म्हटलं तरी हे पुन्हा जोडलं जाणार नाही. माझी जीभ मोकळी आहे ती त्याच्यामुळे." मग तिने दंडाकडे बोट दाखवलं. "हे त्याने घडवलं. त्याचा हात जळाला होता म्हणून माझ्या आईला तो दंड कमी लागला नाही. दोर ज्येष्ठांनी सोडला, तो अपराध त्यांचा. दंड उचलला तो हात त्याचाच होता, आणि खाली ठेवायला त्याला कोणी अडवलं नव्हतं."

तिला वाटलं होतं की हा शब्द आपण किंचाळून म्हणू. इतकी वर्षं तिने तो तसाच धरून ठेवला होता. प्रत्यक्षात तो अगदी साध्या आवाजात आला.

"उदयभान जुलमी होता."

सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने स्वतःही ओठांना हात लावून बघितला. ओठच होते.

"झालं?" सावलीने विचारलं.

"झालं," शिळा म्हणाली.

"एवढंच होतं." सावलीने एक दीर्घ श्वास सोडला, डोक्यावरचा भारा उतरवून ठेवणाऱ्याचा असतो तसा. मग ती कडांकडून विरळ होऊ लागली. तिचा धूर झाला, धूर सरळ वर गेला, आणि नदीच्या बाजूला वळला. गंभीरदेव त्याच्याकडे बघत रडले. ते उदयभानासाठी रडत होते, आणि त्यांना कोणी थांबवलं नाही.

पक्षी जिथे होते तिथे माणसं झाली. छपरांवर झाली, झाडांवर झाली, देवळाच्या शिखरावर एक वैद्य अडकला आणि त्याला शिडी लावून उतरवावा लागला. राजकवीने सवयीने तोंड उघडलं, मग श्वास घेतला, मग आणखी एक घेतला, आणि दुपारभर तो तेवढंच करत बसला. साळुंकी शलाकाच्या खांद्यावर होती. आई खांद्यावर मावली नाही. दोघी धुळीत पडल्या.

कुमुदिनीने जमिनीवर हात टेकले. बोटं उघडली, मिटली. तिने तोंड उघडलं आणि काही क्षण नुसतीच लेकीकडे बघत राहिली.

"शलाका," आई म्हणाली. "किती वाळलीस गं. जेवलीस का?"

राज्यातली सगळ्यांत तोंडाळ मुलगी ती, पण त्या वेळी तिच्या तोंडून शब्द फुटेना.

गंभीरदेव शिळेपुढे गेले आणि त्यांनी आपला प्रश्न विचारला. आता आम्ही कोण? शिळा म्हणाली, "दोर वळणारे. बसा." मग पाचही ज्येष्ठ उन्हात बसले आणि अंबाडी सोलून नवा दोर वळू लागले. त्यांच्या हातांना फोड आले. कुमुदिनीने जाता जाता काकांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला. बोलली काही नाही. बोलायचं नंतर होतं, आणि पुष्कळ होतं.

कडी आणि दंड शिळेशेजारी ठेवले, दोन्ही उघड्यावर, कोणालाही दिसतील असे. लोकांनी पाण्याच्या पाळ्या वाटणाऱ्या यशोधनेला सिंहासनावर बसवलं. विळा आला, तिची सावली कापली, नव्या दोराने शिळेला बांधली. गाठ इतकी घट्ट मारली की यशोधना म्हणाली, थोडी सैल चालेल. आणि सगळ्या गर्दीने एका आवाजात नाही म्हटलं.

त्याच संध्याकाळी एका म्हाताऱ्या बाईने दोर ओढला. यशोधना हातात घास घेऊन धावत आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली.

"काही नाही गं," बाई म्हणाली. "येतेस का ते बघितलं."

यशोधना हसली, लोक हसले, आणि उत्तर पटल्यामुळे तिचे पाय सुटले. पुढे त्या राज्यात कणसं दाण्यांनी भरली, दोरीवरचे कपडे दुपारपर्यंत वाळले, ताकावर लोणी आलं, आणि दोर अधूनमधून ओढला जात राहिला.

शलाका मात्र हे काही बघायला उभी राहिली नाही. ती घरी गेली, पोटभर जेवली आणि गाढ झोपली. तिच्या उशाशी आई बसली होती आणि बोलत होती. कापडवाल्या चाटीने सुताचा भाव किती वाढवला, शेजारणीच्या सुनेचं नाक कसं आहे, उंचावरून नगर किती लहान दिसतं. ती बोलतच राहिली, आणि त्या घरात तिला कोणी गप्प बस म्हटलं नाही.